शनिवारी कापू नका: मस्टँग कन्व्हर्टिबलच्या तळाबद्दल

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज दिवसभर डोक्यातून गेली नाही. एडिसनला राहता, १९६६ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल घेतलीत, २८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, तळाचा पत्रा दोन्ही बाजूंनी सडलेला. नवे फ्लोअर पॅन (तळाचे पत्रे) आणि रॉकर (दाराखालचे उंबरठे) येऊन पडलेत, सीट आणि दारं काढून झालीत, येत्या शनिवारी दोन मित्र मदतीला येणार आहेत. आणि प्रश्न एवढाच विचारलाय की ग्राइंडरला चकती कुठली लावावी.

चकतीचं नंतर बघू. तुमच्या फोटोत गाडी चार स्टँडवर उभी आहे, इंजिन जागेवर आहे, दारं भिंतीला टेकवलेली आहेत आणि दारांच्या जागी, कापताना गाडी वाकू नये म्हणून जोडतात ती आडवी नळी एकही दिसत नाही. अगदी असाच फोटो माझ्याकडे आहे, फक्त गाडी १९६५ची आणि गॅरेज मिशिगनमधलं. त्या फोटोनंतर मी जे केलं त्यात पुढे दोन हिवाळे आणि नऊ हजारांहून जास्त डॉलर गेले. म्हणून हात जोडून सांगतो, शनिवारी कापू नका.

मी पोटापाण्यासाठी पत्र्याचं काम करत नाही, वेल्डिंग गॅरेजमध्येच शिकलो. माझा अनुभव एका गाडीचा आणि नंतर मित्रांच्या तीन गाड्यांवर हात लावल्याचा. जाणकाराने प्रत्यक्ष गाडी बघून वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. पण खालच्या मुद्द्यावर मला भेटलेल्या एकाही जाणत्या माणसाचं दुमत नव्हतं.

मस्टँगला वेगळी चासी नाही, बॉडी हीच तिची चासी. हार्डटॉपमध्ये, म्हणजे पत्र्याच्या छपराच्या गाडीत, वाकण्याचा बराच जोर छप्पर पेलतं. तुमच्या गाडीला छप्पर नाही, नुसता कापडी टप आहे. म्हणून फोर्डने कन्व्हर्टिबलच्या दाराखालचा उंबरठा, म्हणजे रॉकर, आतून जाड पत्र्याचा केला, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत टॉर्क बॉक्स, म्हणजे मजबुतीसाठी पत्र्याच्या पेट्या दिल्या आणि सीटखाली जादा पत्रा टाकला. पुढचं इंजिन आणि मागचा अॅक्सल यांच्यामध्ये गाडी जी सरळ उभी आहे ती या दोन उंबरठ्यांच्या जिवावर. त्यातला एक कापला की मधला भाग खाली बसतो. डोळ्याला दिसत नाही, आवाज होत नाही. चारसहा मिलिमीटर पुरतात.

मी डावा रॉकर एका दुपारी पूर्ण काढला. नवा बसवला, तो सुंदर बसला. बसणारच, कारण मधून खाली गेलेल्या गाडीतच मी त्याला बसवत होतो. वेल्डिंग झालं, घासून झालं, प्रायमर झाला. मग उजवी बाजू तशीच. सगळं मिळून सात आठवडे लागले आणि त्या सात आठवड्यांत मी एकदाही दार लावून बघितलं नाही, कारण दारं अडचण नको म्हणून भिंतीला टांगली होती. ही माझी चूक. आडव्या नळ्या न लावणं ही तिचीच पहिली पायरी, पण दार लावून बघितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं आणि एका बाजूवर निभावलं असतं.

दार लावलं तेव्हा मागची वरची कड मागच्या पत्र्यावर आपटली. खाली बोट जाईल एवढी फट, वर काहीच नाही. कुलूप खुंटीच्या खाली येत होतं. बिजागऱ्या सैल करून, वॉशर घालून दोन रविवार घालवले. मग टपाचा सांगाडा चढवून बघितला, तर त्याच्या पुढच्या कडेचे आकडे काचेच्या चौकटीतल्या खाचांशी जुळेनात. तेव्हा खात्री पटली की दोष दारात नाही, गाडीच वाकली आहे.

यानंतर मी घाबरून एका बॉडी शॉपकडे गेलो. नाव लिहीत नाही. अडीच हजार डॉलर आगाऊ घेतले, यंत्रावर ओढून सरळ करून देतो म्हणाले, सहा आठवड्यांचा वायदा केला. गाडी तिथे अकरा महिने होती. त्यातला अख्खा हिवाळा मागच्या आवारात, टप नाही, वर फक्त ताडपत्री, तीही एका बाजूने फाटलेली. मी फोन करायचो, तर कधी यंत्रावरचा माणूस सुट्टीवर, कधी विमा कंपन्यांची कामं आधी. शेवटी त्यांनी सुचवलेला उपाय असा की दाराची कड घासून लहान करू आणि वरून पुट्टी भरू. पन्नास वर्षांपूर्वीचं मूळ दार, एक ठिपकाही गंज नसलेलं, ते घासायचं! मी त्या दिवशी ट्रेलर बोलावला आणि गाडी घरी आणली. आगाऊ पैशांतले काही परत मिळाले नाहीत. मी घातलेल्या नव्या तळात पाणी साचून गंजाचे नारिंगी डाग पडले होते. ते बघून मी गॅरेजमध्येच खाली बसलो होतो, अजून आठवतं.

माझं स्पष्ट मत: ज्या दुकानाचं पोट अपघाताच्या गाड्यांवर चालतं, तिथे जुनी गाडी देऊ नका. त्यांचं काम वाईट असतं असं नाही, पण तुमच्या गाडीचा नंबर कधीच लागत नाही. द्यायचीच वेळ आली तर कामाचे टप्पे लिहून घ्या, पैसे टप्प्यावर द्या आणि गाडी छताखाली राहील हे कागदावर घ्या.

गाडी वाचवली ती इथल्या हौशी मंडळींनी. मी फोटो टाकल्यावर पहिलाच प्रश्न आला, ‘नळ्या कुठे आहेत?’ विचारणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, डिअरबॉर्नच्या फोर्ड कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेले, माझ्यापासून वीस मिनिटांवर राहणारे. पुढच्या शनिवारी ते पट्टी, ओळंबा आणि खडू घेऊन हजर. वेल्डिंगला हात लावायच्या आधी त्यांनी मला एक पूर्ण दिवस फक्त मोजायला लावलं. ते अकरा शनिवार आले, कॉफीशिवाय काही घेतलं नाही. आमच्या मंडळातला एक मित्र, ज्याला गाड्यांचं काही प्रेम नाही, तो दार धरून उभा राहायला यायचा. दार एकट्याने बसवता येत नाही, तेव्हा असा माणूस आत्तापासूनच शोधा.

त्यांनी शिकवलेला क्रम सांगतो, कारण चूक क्रमातच होते. आधी गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर. मग दारं परत चढवा, हो, काढलेली दारं परत चढवा. दाराचं मोकळं टोक धरून वर उचला. ते खुळखुळलं तर बिजागरीच्या पिना झिजल्यात. त्या आधी बदला, नाहीतर सगळी मापं खोटी. मग दारांच्या फटी बघा. उंबरठे सडलेले असतील तर तुमची गाडी न कापताच थोडी बसलेली असू शकते. अशा वेळी मधोमध लाकडी फळी देऊन जॅकने हळूहळू उचला, फट वरखाली सारखी होईपर्यंत. एका दिवसात उचलू नका, रात्रभर थांबा, परत बघा. डाव्या बिजागरीच्या खांबापासून उजव्या कुलपाच्या खांबापर्यंत आणि उलट, दोन्ही कर्ण मोजा आणि भिंतीवर लिहा. कागद हरवतो.

फटी आणि कर्ण मनासारखे झाले की मगच नळ्या. मी एक इंची चौकोनी नळी वापरली. प्रत्येक दारात बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत एक सरळ, एक तिरपी, आणि डावी-उजवी जोडणारी एक आडवी. नळ्या खांबांच्या आतल्या अंगाला जोडा, म्हणजे दार बंद करून बघता येतं. बसलेल्या गाडीला नळ्या ठोकल्या तर तुम्ही तिचा बाकच पक्का करता, म्हणून मापं आधी. त्यानंतर एका वेळी एकच बाजू, ती पूर्ण होऊन दार नीट लागेपर्यंत दुसरीला हात नाही. कापण्याऐवजी जमेल तिथे स्पॉट वेल्डचे, म्हणजे पत्रे जोडणारे ठिपके ड्रिलने सोडवा, नवा पत्रा बसवायला मूळ कडा शाबूत मिळतात. दर संध्याकाळी दार लावून बघा. स्टँड नेमके कुठे द्यायचे यावर दोन मतं आहेत. मी पुढे रेलखाली (तळाखालच्या लांब पोकळ पट्ट्या) आणि मागे अॅक्सलखाली दिले, मधला जॅक आधाराला ठेवला.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. तळ सडला कशाने? न्यू जर्सीच्या रस्त्यांवरचं मीठ खालून खातं हे खरं, पण या गाड्यांचा तळ बहुतेक वेळा वरून सडतो. पुढच्या काचेखाली हवा आत घेणारी जाळी आहे, तिच्याखाली पत्र्याची पोकळी आहे, आणि त्या पोकळीत आत हवा सोडणाऱ्या दोन तोंडांभोवतीची उभी कड गंजते. मग पावसाचं पाणी सरळ कार्पेटखाली. जाळीवर बादलीभर पाणी ओता आणि आत डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवे पडा. थेंब पडला तर आधी ते काम. ते किचकट आहे, वरचा पत्रा सोडवायला कितीतरी वेल्ड ड्रिल करावे लागतात, काच आणि पुढचे फेंडर निघतात. पण ते टाळून नवा तळ घातलात तर काही वर्षांत परत इथेच याल. तिथे नुसता सीलंट फासून भागवणाऱ्यांचं मला पटत नाही.

ठिणगी उडवायच्या आधी पेट्रोलची टाकी काढा. या मॉडेलमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे, म्हणजे डिकीत उडालेली ठिणगी थेट टाकीवर पडते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, आत वाफ असते. गॅरेजच्या बाहेर ठेवा. बॅटरीही काढून ठेवा. आणि जुन्या ड्रम ब्रेकची धूळ फुंकू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो.

तुमच्या व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, सुरुवात ६टी०८सी अशी लिहिलीत. ६ म्हणजे १९६६, ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल, सी म्हणजे दोन बॅरल कार्ब्युरेटरचं २८९, आणि टी म्हणजे मेटुचेन प्लांट. तो कारखाना प्रत्यक्षात एडिसनमध्येच होता, २००४ साली बंद झाला. म्हणजे तुमची गाडी तुमच्याच गावची आहे! हा नंबर डाव्या फेंडरखालच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. तो आजच टायटलवरच्या, म्हणजे मालकीच्या कागदावरच्या, नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा, फोटो काढा, आणि तो पत्रा कितीही गंजला तरी कापून टाकू नका. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांचा कारखान्यातला तपशील विकत मिळतो, आपल्या वर्षांचा मिळत नाही. आपल्याकडे पुरावा म्हणून हा नंबर आणि दारावरची पट्टी एवढंच आहे.

ब्रेकबद्दल एकच. १९६६च्या गाडीला मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचं तेल दाबणारा भाग, एकाच कप्प्याचा आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. मूळपणाचा आग्रह धरणारे रागावतील, पण मुलांना मागे बसवणार असाल तर दोन कप्प्यांचा लावा. जुना डब्यात जपून ठेवा.

टप सगळ्यात शेवटी, तोही उन्हाच्या दिवशी. कापड गरम झालं की ताणतं. चढवल्यावर काही दिवस बंदच ठेवा, लगेच दुमडू नका, आणि ओला असताना कधीच नाही.

माझी गाडी २०२०च्या उन्हाळ्यात रस्त्यावर आली. त्याआधी एकदा डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये गेलो होतो. तिथे मस्टँगचा पहिला क्रमांक असलेली पांढरी कन्व्हर्टिबल आहे, ५एफ०८एफ१००००१, जी १९६४मध्ये न्यूफाउंडलंडच्या एका वैमानिकाला चुकून विकली गेली आणि दोन वर्षांनी एका नव्या मस्टँगच्या बदल्यात फोर्डने परत मिळवली. लोक तिचा फोटो काढत होते, मी वाकून तिच्या दारांच्या फटी बघत उभा होतो.

तर शनिवारी मित्रांना येऊ द्या, पण काम हे: दारं चढवायची, बादली ओतायची, मापं घ्यायची. दारांच्या चारही कडांचे फोटो आणि दोन्ही कर्णांचे आकडे इथे टाका, मी रात्री बघतो. माझ्या नळ्या अजून गॅरेजमध्ये टांगलेल्या आहेत, त्यांची लांबी आणि कापायचे कोन मोजून उद्या लिहितो. चकती पातळ घ्या, एक मिलिमीटरची, आणि चष्म्यावरून पूर्ण चेहरा झाकणारी ढाल.