‘बंदिश बांधली’ यात द्विरुक्ती कुठली?

प्रश्न असा आला आहे : संगीताच्या परीक्षेसाठी ख्याल या गायनप्रकारावर विश्लेषणात्मक निबंध लिहिताना ‘सदारंगांनी बांधलेली बंदिश’ असं लिहिलं (सदारंग हे ख्यालांचे जुने रचनाकार; बंदिश म्हणजे रागात आणि तालात बसवलेलं ठरीव गाणं). तपासणाऱ्यांनी, बंदिश म्हणजेच बांधलेलं म्हणून, ‘द्विरुक्ती’ असा शेरा मारून ‘रचलेली’ केलं. बरोबर कोण?

तुम्ही. आपण गाणं गातो, खेळ खेळतो, जेवण जेवतो. तिथे कुणी लाल रेघ ओढत नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच वाक्याचा. संगीतावरच्या लेखांत ते सारखं भेटतं : ‘बंदिश म्हणजे बंधन, ते झुगारून गायक आलापात मोकळा होतो.’ हिंदीत बंदिशला मनाई, अटकाव असाही अर्थ आहे. तो इथे उचलून आणलाय. हिंदीवाले घर ‘बनाते हैं’. मराठी माणूस घर बांधतो, धरण बांधतो, विहीर बांधून काढतो. बांधकाम, बांधणी, बांधेसूद यांत कैद कुठे आली? सोळा मात्रांच्या तीनतालातली बंदिश घ्या. मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, बहुधा नवव्या मात्रेवरून, म्हणजे ‘खाली’ या टाळी नसलेल्या जागेवरून उठतो आणि आठ मात्रांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो. आलाप संपवून गायक नेमका तिथेच मुखडा पकडतो, आणि समेवरच्या अक्षराला सगळी मैफल मान हलवते. ते अक्षर कोणतं, त्याला स्वर कोणता, हे ज्याने ठरवलं त्याने ती बांधली. निबंधात लिहायचं ते हे.

आता ‘बंदिश परकी, म्हणून रचना लिहा’ म्हणणाऱ्यांसाठी. शब्द फारसी आहे, कबूल. ‘बंद’ला ‘इश’ लागून झालाय, फर्माईश, मालिश यांच्यासारखाच. पण तो फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बन्ध्’ ही एकाच घरची भावंडं. १३व्या शतकात देवगिरीला, सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतावरचा ग्रंथ लिहिला, त्याचा चौथा अध्याय प्रबंधाध्याय. उद्ग्राह, मेलापक, ध्रुव, आभोग अशा अवयवांनी बांधलेलं गाणं तो प्रबंध. जे तसं बांधलेलं ते निबद्ध गान, आलाप तो अनिबद्ध. म्हणजे प्रबंध गेला आणि त्याच्या जागी त्याचीच फारसी बहीण येऊन बसली. तुमचा निबंधही ‘बन्ध्’चाच. परकं कोण राहिलं यात?

आणि खरी गंमत पुढे आहे. शार्ङ्गदेव निबद्ध गानाला तीन नावं देतो : प्रबंध, वस्तु, रूपक. वस्तु! आता मैफलीतली ‘चीज’ आठवा, बंदिशीचंच दुसरं नाव. कोशकार ‘फारसी, अर्थ वस्तू’ एवढं लिहून पुढे सरकतात, फार तर ‘लाक्षणिक’ असं जोडतात. मला हे अजिबात पटत नाही. गाण्याला उगाच कुणी ‘वस्तू’ कशाला म्हणेल? माझा अंदाज असा, की जुन्या गवयांच्या तोंडात ‘वस्तु’ असावा, दरबाराची भाषा फारसी झाली तशी त्याची ‘चीज’ झाली असावी. अर्थ तोच राहिला, शब्द तेवढा बदलला. बंदिशीचंही तेच झालंय, मग चीजेला वेगळा न्याय का?

आमच्या बाई तर ‘बंदिश’ म्हणतच नसत. तानपुरा लावून झाला की म्हणायच्या, “काढ वही, आज नवी चीज सांगते.”