टक्कर दोघांची, पडतो एकच

प्रश्न: मी देवगडात, मावसभाऊ कुडाळात. दोघं ऑनलाइन दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडवतो. सर्व्हर युरोपात, दोघांचाही पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) १८० मिलिसेकंदांच्या आसपास. काल समोरासमोर आलो आणि माझा पंखच गेला. तो मात्र सुखरूप, वर म्हणतो, "मी तुका लागूकच नाय!" खोटं बोलतो का?

उत्तर: नाही. त्याच्या पडद्यावर तुम्ही खरोखरच बाजूने निघून गेलात. त्याची हालचाल तुमच्यापर्यंत पोचायला त्याचा अर्धा आणि तुमचा अर्धा पिंग जातो, म्हणजे साधारण १८० मिलिसेकंद. ताशी ३६० किलोमीटर वेगाने विमान तेवढ्यात १८ मीटर पुढे सरकतं, आणि स्पिटफायर या लढाऊ विमानाचा पंखविस्तारच मुळी ११ मीटर! हा फरक झाकायला गेम शेवटचा वेग आणि दिशा धरून समोरचं विमान अंदाजाने पुढे नेतो. सरळ उडताना अंदाज जुळतो. ऐन वेळी त्याने वळण मारलं, तर तुमच्याकडे तो अजून सरळच येत असतो. टक्कर ज्याच्या त्याच्या संगणकावर ठरत असेल, तर मग एकटे तुम्हीच पडता.

दोघांचा वेग मिळून सेकंदाला २०० मीटर होतो. म्हणून ६०० मीटरवरच, म्हणजे तीन सेकंद आधी, दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं ठरवून घ्या. खऱ्या विमानांनाही समोरासमोर हाच नियम आहे. "आणखी एक फैर झाडतो" म्हणून थांबलात की संपलं.

प्रश्न: फॉर्मेशनमध्ये (विमानांच्या रांगेत) शिरताना माझ्या प्रॉपेलरने म्होरक्याची शेपूट कापली जाते. गटात माझं नाव 'करवत' पडलंय. (रत्नागिरी)

उत्तर: नाव शोभतंय! शेवटच्या २०० मीटरमध्ये वेग त्याच्यापेक्षा ताशी १५-२० किलोमीटरच जास्त ठेवा आणि थोडं खालून या. थ्रॉटल (इंजिनाचा जोर) लवकर कमी करा, वेग लगेच उतरत नाही. पुढे निघालातच तर पंख सपाट ठेवून त्याच्या खालून बाहेर पडा. त्याच्याकडे पोट करून वळलात की तो दिसेनासा होतो, आणि शेपूट कापली जाते ती तेव्हाच.

जॉयस्टिकही तपासा. विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत, हात न लावता अधिकचं चिन्ह थरथरत असेल तर पोटेन्शिओमीटर (दांड्याची जागा मोजणारा, आत घासत फिरणारा भाग) खराब आहे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हे लवकर होतं. यूएसबी काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर (विद्युत भाग साफ करायचा स्प्रे) अगदी थोडा मारा, दांडा टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा, पूर्ण वाळू द्या. डेडझोन (मधली जागा, जिथली हालचाल गेम धरत नाही) वाढवून मधली थरथर तेवढी लपते, दांडा कलल्यावरची नाही. नवी घ्यायची तर हॉल सेन्सरची, म्हणजे चुंबकाने जागा ओळखणारी घ्या. त्या सेन्सरमध्ये घासणारा भागच नाही.

प्रश्न: पावसात लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो, पण मागचा गडी माझ्यावर आदळतो. (मालवण)

उत्तर: राउटर बंद पडला की तुमची खबर थांबते, आणि इतरांकडे तुमचं विमान काही क्षण भुतासारखं सरळच उडत राहतं. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, आधी अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्टेज बघून.