पटत नाही, हे सांगायचं कसं?

"त्यांच्या धर्माचा मला आदर आहे, पण सगळं पटत नाही. बोललो तर अपमान, गप्प बसलो तर खोटेपणा. काय करू?" वसई-विरारकडे समुपदेशन करताना हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक कॅथलिक मुलाशी किंवा मुलीशी लग्न ठरवलेले असतात. त्यातल्याच एकाची ही हकिकत. तपशील बदलले आहेत. त्याला मंदार म्हणू.

मंदार नालासोपाऱ्याचा हिंदू मुलगा. त्याची होणारी बायको कॅथलिक, वसईच्या बागायती गावातली, घरात तिकडची कादोडी बोली बोलणारी. एका रविवारी तिच्या घरच्यांबरोबर तो चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला गेला. सगळे रांगेत उभे राहिले म्हणून हाही राहिला आणि कम्युनियन, म्हणजे तिथे देतात ती पवित्र भाकरी, घेऊन जागेवर आला. त्या दिवसापासून तिची आत्या त्याच्याशी धड बोलेना.

"प्रसादाला नाही कसं म्हणणार, मॅडम? आमच्याकडे नाकारला तर लोकांना वाईट वाटतं."

त्याच्या बाजूने बरोबरच होतं ते. पण कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार त्या भाकरीत प्रत्यक्ष ख्रिस्त असतो, आणि ती घेताना 'आमेन' म्हणणं म्हणजे हे मला मान्य आहे अशी कबुली देणं. मंदारला ते मान्य नव्हतं. तो बाकावरच बसून राहिला असता, तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

बोलता बोलता आणखी एक निघालं. लग्नासाठी बाप्तिस्मा घ्यायचीही त्याची तयारी होती. "डोक्यावर पाणी घ्यायचं, रजिस्टरमध्ये नाव लिहायचं. मनातून मी तोच राहणार की!" मी त्याला तिथेच थांबवलं. ज्या गोष्टीवर आत्यांची आयुष्यभराची श्रद्धा आहे, ती तू फॉर्म भरल्यासारखी उरकणार असशील, तर आदर कुठे राहिला? त्यापेक्षा तोंडावर 'नाही' म्हटलेलं मला बरं वाटतं.

शिवाय त्याला तसं करायला कुणी सांगितलंही नव्हतं. मित्राकडून ऐकलेली गोष्ट. चर्चच्या 1983च्या कायदासंहितेनुसार बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपांची सूट लागते. त्यासाठी वचन द्यायचं असतं कॅथलिक जोडीदाराने: मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथलिक वळण लावण्यासाठी माझ्याकडून होईल तेवढं करीन. दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची नीट कल्पना दिली जाते, त्याच्याकडून ते घेतलं जात नाही. 1970च्या आधी दोघांनाही हमी द्यावी लागे, त्या काळच्या गोष्टी अजून लोकांच्या तोंडी आहेत. श्रद्धा कुणावर लादता येत नाही, हे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965मध्येच लिहून ठेवलं आहे.

मग मी त्याला न पटणाऱ्या गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. सगळ्यात वर होतं आदिपाप. "तान्ह्या बाळाने कसलं पाप केलंय?" मी म्हटलं, बाळाने पाप केलं असं चर्चही म्हणत नाही. मानवजातीला पहिल्यापासून लागलेली ती एक तुटलेली अवस्था आहे, बाळाचा स्वतःचा गुन्हा नव्हे, अशी ती शिकवण आहे. तो थोडा वेळ विचार करत बसला. "तरीही नाही पटत." नको पटू दे! पण आता तो खऱ्या शिकवणुकीला नाही म्हणत होता, ऐकीव गोष्टीला नाही. वाद घालायचा, तर एवढी मेहनत करायलाच हवी. बाकीच्या शंका त्याने थेट तिच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे तिच्या भागातल्या चर्चच्या, फादरांना विचाराव्यात असं सुचवलं. तो गेला, तासभर बोलून आला. फादर रागावले नाहीत याचंच त्याला नवल वाटत होतं.

यादीत संततिनियमनही होतं. ते वाचून ती हसली. "मलाही नाही पटत." कृत्रिम साधनं नकोत, हे पोप पॉल सहावे यांनी 1968मध्ये सांगितलं, आणि तेव्हापासून कितीतरी कॅथलिक जोडप्यांच्या मनात हे द्वंद्व चालू आहे. मंदारला लगेच वाटलं, झालं, आपण दोघं एकाच बाजूला. तसं नव्हतं. त्याच्यासाठी तो मतभेद होता. तिच्यासाठी तो आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्यांशी झालेला वाद होता, पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, जाताना मनात घोळणारा. तिच्या शंकेचा त्याने आपल्या बाजूचा पुरावा म्हणून वापर करू नये, हे मला त्याला दोनदा सांगावं लागलं.

आत्यांचं फारसं अवघड गेलं नाही. तो गेला आणि म्हणाला, "मला माहीत नव्हतं. यापुढे मी बसून राहीन, चालेल ना?" आत्यांनी त्याला जेवूनच पाठवलं. आता त्यांना खंत आहे ती वेगळीच: जोडीदार ख्रिस्ती नसल्याने लग्नविधी मिस्साशिवाय होणार.

मुलांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. बाप्तिस्म्याला आडवं जाणार नाही, असं मंदार म्हणतो. त्याच्या आईला बारसं हवंय, तेही होईल. पण रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग? आणि मुलाने विचारलं, "बाबा, तुम्ही का नाही येत?" तर? "मला पटत नाही असं सांगेन," हे त्याचं उत्तर. तिला ते चालेल, पण मूल किती मोठं झाल्यावर, यावर दोघांचं अडलंय. लग्नाची तारीख धरण्याआधी हे मिटवा, असं मी सांगितलंय. पुढच्या भेटीत तेवढंच बोलायचं ठरलंय.