रिपोर्ट आधी कोणाला सांगायचा?

प्रश्न : माझी मुलगी 24 वर्षांची आहे. तीन आठवड्यांपासून तिला खोकला असून संध्याकाळी अंगात कसर असते. मध्यंतरी दुसऱ्या एका दवाखान्यातल्या गोळ्यांनी आठवडाभर बरे वाटले, पण खोकला परत सुरू झाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बेडक्याची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करायला सांगितले असून, क्षयरोग निघाल्यास सरकारदरबारी नोंद करावी लागेल असेही बजावले आहे. सध्या तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. नोंद न करता औषध सुरू करावे ही आमची विनंती त्यांनी मानली नाही. उलट रिपोर्ट आधी मुलीलाच सांगेन, असे ते म्हणाले. वीस वर्षांच्या घरोब्यानंतर हे वागणे योग्य आहे का?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट नोंदणीची नाही, तर त्या बरे वाटलेल्या आठवड्याची आहे. लेव्होफ्लॉक्सॅसिनच्या गटातली काही प्रतिजैविके क्षयाच्या जंतूंना तात्पुरती दाबून टाकतात. त्यामुळे खोकला कमी होतो, रुग्ण आणि डॉक्टर दोघेही निर्धास्त होतात आणि निदान मात्र लांबते. तुमच्या मुलीला कोणत्या गोळ्या दिल्या होत्या हे मला ठाऊक नाही, म्हणूनच ती जुनी चिठ्ठी शोधून डॉक्टरांना अवश्य दाखवा.

दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला क्षयरोगासाठी तपासावा, हा आपल्याकडचा साधा नियम आहे. असा प्रत्येक खोकला क्षयाचाच असतो असे नाही; दमा असू शकतो, नाकामागून घशात उतरणारा स्राव असू शकतो. नेमके म्हणूनच अंदाजाने औषध सुरू करणे चुकीचे ठरते. क्षय असेल तर साध्या उपचारालाही किमान सहा महिने लागतात, आणि जंतू रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देतात की नाही हे आधी कळणे महत्त्वाचे असते. जनुकीय तपासणीत ते साधारण दोन तासांत समजते, मात्र त्यासाठी तोंडातली लाळ नव्हे, तर सकाळी उठल्यावर छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. (निम्मे नमुने इथेच वाया जातात की काय, अशी शंका मला दवाखान्यात बसून नेहमी येते.)

आता नोंदणी. 2012 पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि 2018 च्या अधिसूचनेनंतर ती टाळणाऱ्यावर फौजदारी कारवाईही होऊ शकते. रुग्णाचे गुपित राखण्याच्या नियमालाच हा अपवाद आहे, आणि तोही आरोग्य यंत्रणेपुरता. शेजारी, नातेवाईक किंवा येणारे स्थळ यांना कळवण्याचा अधिकार त्यातून डॉक्टरांना मिळत नाही. आरोग्य कर्मचारी घरी येऊ शकतो, कारण घरातल्या इतरांची तपासणी करायची असते आणि गरज वाटल्यास प्रतिबंधक औषधही द्यायचे असते. त्याने आधी फोन करावा, किंवा भेट दवाखान्यातच व्हावी, अशी विनंती तुम्ही जरूर करा. तुमची भीती मी खोटी म्हणणार नाही. गावात कुजबुज होते आणि तिचा त्रास मुलींनाच अधिक होतो. तरीही औषध मोफत मिळण्याची आणि पोषणासाठी दरमहा 1000 रुपये मिळण्याची वाट याच नोंदीतून जाते.

रिपोर्ट मुलीलाच आधी सांगण्याबाबत मी पूर्णपणे तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. ती सज्ञान आहे. खोकला तिचा, औषध तिने घ्यायचे, आणि होऊ घातलेल्या नवऱ्याला काय व केव्हा सांगायचे हेही तिनेच ठरवायचे. घरोबा तुमच्याशी असला तरी त्या खोलीत रुग्ण तीच आहे. मात्र नकार देताना डॉक्टरांनी आणखी पाच मिनिटे बसून एवढे सांगायला हवे होते, की योग्य औषध नियमित घेतल्यास साधारण दोन आठवड्यांत संसर्ग देण्याची शक्यता बहुतेक रुग्णांत पुष्कळ कमी होते, आणि कोर्स पूर्ण करून बरी झालेली मुलगी संसार करू शकते, आईही होऊ शकते. ते त्यांनी सांगितले नसेल, तर रिपोर्ट घ्यायला जाल तेव्हा मुलीलाच हे प्रश्न विचारू द्या. तिने आत बोलावले, तर तुम्हीही जा.