दर बुधवारी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

मासे पाळायचे म्हणतेस, ते तुझं पत्र वाचलं. टाकीतल्या मत्स्यपालनाच्या पद्धती, बायोफ्लॉक (जिवाणूंनी पाणी शुद्ध ठेवणारी) की आरएएस (पाणी गाळून पुन्हा वापरणारी), मासा पंगस की रोहू, सगळं विचारलंस. पण मासा कुठल्या दुकानात आणि कुठल्या वारी जाणार, यावर एक ओळ नाही. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत महिलांना ६० टक्के अनुदान ठेवलं होतं, अजून चालू असेल तर जरूर घे. गिऱ्हाईक मात्र तुलाच शोधायचंय.

सुपरमार्केटवाल्याला तुझं तळं दिसत नाही. त्याला दर बुधवारी सकाळी किलोभराचे रोहू हवेत. एकदा नाही, दर बुधवारी. आपल्याकडे सगळं तळं एकदम उपसतात आणि आंध्रच्या माशांच्या गाड्या लागल्या असताना व्यापाऱ्यापुढे जाऊन उभे राहतात. मग तो सांगेल तो भाव.

आता म्हणशील, माशांचं बीज तर पावसाळ्यातच मिळतं, मग वर्षभर मासा आणू कुठून? अगं, म्हणून तर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, रोखून ठेवायची. एका लहान तळ्यात दाटीनं सोड, खाद्य कमी दे, फारशी मरत नाहीत, नुसती खुरटतात. त्यातली थोडी थोडी मोठ्या तळ्यात सोडत जा. मोकळी जागा आणि पोटभर खाद्य मिळालं की झपाट्यानं वाढतात. एकदम सोडलंस तर एकदमच काढावं लागेल, आणि बुधवार हुकेल.

आदल्या दिवशी खाद्य बंद. पहाटे जाळं, किलोला किलो बर्फ, थर्माकोलच्या पेटीत एक थर बर्फ, एक थर मासा. दुकानात पेटी उघडल्यावर कल्ले लालभडक दिसले पाहिजेत. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा मागणी चढते, श्रावणात बसते. तळ्याच्या डागडुजीला तोच महिना धर. ढगाळ रात्री एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, चालू ठेव, पहाटे ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो. हे तुला शिकवलं असेलच.

माझा मासा कमी पडला, तेव्हा एक दुकानदार म्हणाला, बाहेरचा भरून द्या, कुणाला कळतंय? मी दिला नाही. ते गिऱ्हाईक हातचं गेलं. घरचे अजून म्हणतात, हट्ट नडला. नडू दे. ताजा आणि इथला म्हणून जास्त पैसे घ्यायचे आणि पेटीत दुसऱ्याचा मासा भरायचा? बुधवारी चाळीस किलो जमत नसतील तर पंचवीसच कबूल कर, पण ते चुकवू नकोस.

पुढच्या पत्रात आधी दुकानांची नावं लिही. टाकीचं मग बघू.

तुझा काका