संमोहनातून आई बाहेरच आली नाही तर?

प्रश्न : वर्षभर औषधं घेऊनही आईचा आयबीएसचा (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यांच्या बिघडलेल्या हालचालीचा) त्रास जात नाही. पोटात मुरडा, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठता. डॉक्टरांनी संमोहन सुचवलंय. ती तंद्रीतच अडकली तर?

उत्तर : अडकत कोणी नाही. या अवस्थेत लक्ष एका जागी गुंतलेलं असतं, पण कानावर सगळं पडत असतं आणि नको वाटलं तर डोळे उघडता येतात. थेरपिस्ट मधेच उठून गेला तरी माणूस आपसूक भानावर येतो, फार तर डुलकी काढून उठतो.

गडबड होते ती सत्र संपवताना. 'हात जड झालाय' अशी सूचना दिली असेल, तर 'हात पूर्ववत हलका झाला' असं स्पष्ट सांगून ती काढून घ्यावी लागते. मग सावकाश एक ते पाच मोजून डोळे उघडायला सांगायचे. घाईत हे राहिलं की डोकं दुखतं, गरगरतं, सुस्ती रेंगाळते. आईंना लगेच उठवू नका, आणि पूर्ण तरतरी येईपर्यंत स्कूटर नको.

आयबीएसवर हा उपाय नवा नाही. मँचेस्टरचे डॉक्टर व्होरवेल यांनी हट्टी आयबीएसच्या ३० रुग्णांवर केलेली चाचणी १९८४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. पोटावर हात ठेवून तिथे ऊब जाणवू द्यायची, आतड्यांची हालचाल संथ होतेय असं मनासमोर आणायचं. साधारण आठवड्याला एक अशी सात ते बारा सत्रं, शिवाय घरी रोज सराव. तो टाळला की गुण कमी.

आमच्या मते मोठा धोका वेगळाच : निदान न करताच दुखणं दबवणं. शौचातून रक्त, घटतं वजन किंवा उतरलेलं हिमोग्लोबिन असेल तर आधी तपासण्या. भास-भ्रम किंवा उन्मादाचा आजार असल्यास मनोविकारतज्ज्ञांच्या संमतीशिवाय संमोहन नको. फिट येत असतील तर तेही आधी सांगा.

प्रश्न : संमोहन करणारे 'पूर्वजन्मात नेऊन दुखण्याचं मूळ शोधू' असंही म्हणाले.

उत्तर : नको. 'तेव्हा खोलीत कोण होतं?' असं विचारलं की मन रिकामी जागा भरून काढतं. तपशील वाढतो, खात्री वाढते. खरेपणा वाढत नाही. ही गोष्ट अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८५ मध्येच नोंदवली आहे. अशा 'आठवणीं'वरून नातेवाइकांवर आरोप होऊन घरं मोडली आहेत.

मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठा, आणि संमोहनाचं प्रशिक्षण कुठे घेतलं तेही विचारा. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर असेल, वर चालू गोळ्या बंद करा म्हणत असतील, तर फी भरण्याआधीच उठा.