टॉवेलाखालचा आकडा
(कथालेखनाविषयी वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : मी लहान असताना वडिलांनी सांगोल्याच्या बाजारात बैल विकला. त्या दिवसावर मी कथा लिहिली. दिवाळी अंकाकडून ती परत आली, सोबत एवढाच शेरा : 'कथानक नाही.' पण यातलं सगळं खरं घडलेलं आहे. मग कथानक नाही कसं?

उत्तर : कथेची प्रत सोबत जोडलीत हे फार बरं केलंत. दोनदा वाचली, एकदा चहा घेताना आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. परत आल्याचं मनाला लावून घेऊ नका. माझ्या पहिल्या तीन कथा परत आल्या होत्या. चौथी आली नाही, पण ती छापलीही गेली नाही. परतीचं पाकीट जोडायला मी विसरले होते.

तुमच्या कथेत वडील पहाटे उठतात, मग बैल धुतात, मग शिंगांना तेल लावतात, मग टेम्पो येतो, मग बाजार, मग दलाल, मग पैसे, मग घर. मी 'मग' मोजले. सहा पानांत एकोणतीस निघाले. खरं घडलेलं बहुतेक असंच असतं, एकापुढे एक. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत याचं एक सोपं उदाहरण दिलं होतं. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली नुसती गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झालं कथानक. मरणं दोन्हीकडे दोनच, वाढलं ते फक्त कारण.

तुमच्याकडेही कारण आहे. चौथ्या पानावर तुम्ही ते दडपून टाकलंय. एक व्यापारी टॉवेलाखाली वडिलांची बोटं धरतो, म्हणजे बोटांच्या खुणेने आपला भाव सांगतो. वडील हात काढून घेतात. तासाभराने ते त्याच बैलाला दुसऱ्या माणसाच्या हवाली करतात, तेही कमी पैशांत. यावर तुम्ही एक ओळ लिहिलीत आणि लगेच भेळेच्या गाडीवर गेलात! अहो, भेळ कसली खाताय? गरज होती म्हणून बैल बाजारात आणला, आणि जास्त पैसे देणाऱ्याला तो दिला नाही. का? त्या व्यापाऱ्याने दात बघताना बैलाच्या नाकाला हिसडा दिला म्हणून? बैल कुठे जाणार याचा वडिलांना अंदाज आला म्हणून? मला ठाऊक नाही, तुम्हाला असेल. ज्या ओळीशी मी थांबले, तिथून कथा सुरू करा. पहाटेचं अंघोळपाणी मागाहून दोन वाक्यांत येऊ दे.

आणखी एक. त्या टॉवेलाखालचा आकडा बोटं धरणाऱ्या दोघांनाच कळतो. टॉवेल असतो तो त्यासाठीच. तुमचा निवेदक दहा वर्षांचा मुलगा, दावणीशी उभा. त्याला पहिला आकडा कळला कसा? तुम्ही तो तिथल्या तिथे सांगून टाकलात. त्याला नुसता टॉवेल दिसू द्या, वडिलांचा चेहरा दिसू द्या. रात्री भाकरी वाढताना आई विचारेल, 'पयला किती म्हणत हुता?' आणि वडील सांगतील. मुलाला तेव्हा कळेल, वाचकालाही तेव्हाच. निवेदक कोण असावा हा प्रश्न प्रथमपुरुषी-तृतीयपुरुषी एवढ्यावर मिटत नाही. कुणाला काय ठाऊक आहे आणि केव्हापासून, हे आधी कागदावर मांडून बघा.

प्रश्न : वातावरणनिर्मिती किती करावी? माझ्या कथेत पाऊस, मातीचा वास, ढग असं बरंच असतं. मैत्रिणी म्हणतात, वर्णन छान आहे पण वाचताना ते गाळावंसं वाटतं.

उत्तर : मैत्रिणी सांभाळून ठेवा. आणि चिऊ-काऊची गोष्ट आठवा. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. मोठा पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं, कावळा दारात. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.' आता पाऊस काढून वैशाखातलं ऊन घाला. मेणाचं घर वितळेल, चिमणी पिल्लाला घेऊन कावळ्याच्या दारात उभी राहील, आणि 'थांब' म्हणायची पाळी कावळ्याची. पाऊस बदलला की अख्खी गोष्ट उलटते, असा तो पाऊस आहे. तुमच्या कथेतल्या पावसाऐवजी ऊन घालून बघा. काहीच बिघडलं नाही, तर तो पाऊस नुसता भिजवायला आलाय. त्याला रजा द्या. मातीचा वास तर मी माझ्यापुरता दहा वर्षांसाठी बंद केला आहे.

जाता जाता पात्रांचंही इथेच उरकते. त्या गोष्टीत चिमणीचं वय, शिक्षण, रंग काही नाही. तिला आपलं घर आणि बाळ राखायचंय, कावळ्याला आत यायचंय, मधे एक दार. आणि ती 'नाही' म्हणत नाही, 'थांब' म्हणते. तेवढ्या एका शब्दात ती पुरती कळते.

प्रश्न : संवाद बोलीत लिहावेत की प्रमाण भाषेत?

उत्तर : पात्र बोलतं त्या भाषेत. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांचं १९४९ सालचं 'माणदेशी माणसं' काढून बघा. निवेदन साधं, स्वच्छ. माणसं तोंड उघडतात तेव्हा माणदेशी. एक पथ्य मात्र पाळा. ज्या गावचं पाणी प्यायला नाहीत तिथली बोली ऐकीव शब्दांवर उभी करू नका. दर वाक्याला 'व्हय' आणि 'न्हाय' पेरून शेतकरी उभा राहत नाही. आमच्याकडे आलेल्या एका कथेत कोकणातली म्हातारी कोल्हापूरचं बोलत होती, तेही नवऱ्याच्या मयताला. संपादक मंडळ हसलं, आणि लेखकाला ते कधी कळलंही नाही.

प्रश्न : शेवटी धक्का हवाच का?

उत्तर : नको. सांगोल्याच्या कथेत वडील आकडा सांगतात, आई ताटात भाकरी टाकते. मी तिथेच थांबले असते.